हिरडीतली फट

बाहेरून कातडी आणि आतून तोंडापासून आतड्यापर्यंत मऊ अस्तर, असे आपल्या शरीराचे आवरण आहे. ते भेदून एखादी कठीण वस्तू बाहेर आलेली असते ती एकाच ठिकाणी: दाताशी. जबड्याच्या हाडात रुतलेला दात हिरडीतून वर येतो आणि दोघांमध्ये बारीक फट राहते. निरोगी तोंडात ती १ ते ३ मिलिमीटर खोल असते.

दातावर जंतूंचा चिकट थर रोज बसतो. डच संशोधक लेव्हेनहूकने १६८३ साली स्वतःच्या दातांवरचा हा पांढरा थर भिंगाखाली धरला, तेव्हा त्याला त्यात जीव वळवळताना दिसले. थर निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांनी घट्ट होऊन त्याचे कीटण बनते, आणि मग ब्रश कितीही घासा, ते हलत नाही. हिरडी सुजते, फटीच्या आत व्रण पडतात. ब्रशला लागणारे रक्त या व्रणांचे. फट ५-६ मिलिमीटर खोल गेली की दाताला धरणारे हाडही झिजू लागते. हे सारे बहुधा न दुखता चालते, आणि घात तिथेच होतो. आजार बळावल्यावर सगळ्या दातांभोवतीचे व्रण एकत्र मांडले तर जवळपास तळहाताएवढी जखम भरू शकते. तेवढी जखम पायावर असती तर आपण त्याच दिवशी दवाखाना गाठला असता.

चावताना, ब्रश करताना या व्रणांतून जंतू रक्तात शिरतात. धडधाकट माणसाचे शरीर त्यांना थोड्याच वेळात संपवते. हृदयाची झडप कृत्रिम असेल तर मात्र ते तिथे ठाण मांडू शकतात. म्हणून अशा रुग्णाला दात काढण्याआधी अँटिबायोटिक देतात.

मला जास्त काळजी वाटते ती मधुमेहाची, कारण तो घरोघरी आहे. सुजलेल्या हिरडीतून दाह वाढवणारी रसायने सतत रक्तात झिरपतात. त्यांच्यामुळे पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत आणि साखर चढते. चढलेली साखर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना दुबळे करते, जखम भरू देत नाही, म्हणजे हिरडी आणखी बिघडते. गोळ्या वेळेवर, पथ्य चोख, तरी साखर हटत नाही, अशा वेळी तोंड उघडून पाहायला हवे. हिरड्यांवर नीट उपचार झाल्यावर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, साधारण ०.४ टक्क्याने उतरते. आकडा छोटा दिसतो, पण गोळी वाढवल्यावरही कधीकधी एवढाच फरक पडतो.

तंबाखूने हे चित्र झाकले जाते. निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते आणि आत हाड झिजत असताना हिरडी वरून ठीक वाटते. मशेरीने दात घट्ट होतात असे सांगणाऱ्या मावश्यांना हे कुणीतरी जवळ बसून समजावायला हवे. मशेरीही तंबाखूचीच.

आणि डॉक्टरकडून दात साफ केले की ते हलायला लागतात, ही भीती. हाड आधीच झिजलेले असते. त्या जागेत कीटण भरून बसलेले असते आणि हिरडी सुजेने फुगलेली असते. कीटण निघते, सूज ओसरते, आणि दातांमधली फट पहिल्यांदा जिभेला लागते.