विषाणू सापडला, म्हणजे नेमके काय सापडले?

जून 2021 मध्ये ‘महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह’ ही मेंदूज्वर घडवू शकणाऱ्या विषाणूची बातमी आली आणि कोरोनाने आधीच हैराण झालेल्या लोकांच्या पोटात गोळा आला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूशास्त्र संस्थेने (एनआयव्ही) ती वटवाघळे मार्च 2020 मध्येच पकडून तपासली होती. महाराष्ट्रात मात्र माणसांत निपाहची साथ आधीही नव्हती आणि त्या बातमीनंतरही आली नाही. मग शास्त्रज्ञांच्या हाती लागले तरी काय?

तपासणीचे काम दिवेलागणीला सुरू होते. वटवाघळे बाहेर पडायच्या वाटेवर बारीक जाळे लावतात. अडकलेले वटवाघूळ जाड हातमोजे घालून सोडवायचे आणि कापडी पिशवीत ठेवायचे. दात आणि नखे दोन्ही धारदार, म्हणून एकाने धरायचे आणि दुसऱ्याने घशातून व गुदद्वारातून स्वॅब घ्यायचा, पंखाच्या शिरेतून थोडे रक्त काढायचे. हे सगळे पीपीई किटमध्ये, घामाने निथळत. दरवेळी पकडावेच लागते असेही नाही. मलेशियातल्या टिओमन बेटावर संशोधकांनी झाडांखाली प्लॅस्टिक अंथरले, वर लटकलेल्या वटवाघळांचे मूत्र गोळा केले आणि त्यातून जिवंत निपाह मिळवला.

नमुन्यातून तीन वेगवेगळ्या गोष्टी कळू शकतात. अँटिबॉडी मिळाल्या तर विषाणू कधीतरी येऊन गेला, एवढेच समजते. त्यातही जवळच्या नात्यातल्या दुसऱ्या विषाणूमुळे चाचणी फसू शकते. आरटी-पीसीआरमध्ये विषाणूचा आरएनए दिसला तर संसर्ग ताजा आहे असे धरतात. प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये जिवंत विषाणू वाढला, तरच पुरावा पक्का. महाबळेश्वरचा निष्कर्ष मुख्यतः पहिल्या प्रकारचा होता. शिवाय सापडलेला प्रत्येक विषाणू माणसाला बाधतोच असे नाही. एनआयव्हीने 2014 मध्ये महाराष्ट्रातल्या वटवाघळांत मालसूर नावाचा नवा विषाणू नोंदवला. त्याने कोणी आजारी पडल्याची नोंद नाही.

कोणते वटवाघूळ तपासले, यावरही सारे ठरते. 2018 मध्ये केरळात कोझिकोड आणि आसपास निपाहने 17 जण दगावले. सुरुवातीला रुग्णाच्या घराच्या विहिरीतली वटवाघळे तपासली. ती निर्दोष ठरली. पण ती होती कीटक खाणारी. पुढे परिसरातल्या मोठ्या फलाहारी वटवाघळांचे घसे तपासले, तेव्हा 52 पैकी 10 नमुन्यांत विषाणू मिळाला, आणि त्याची जनुकीय रचना रुग्णांमधल्या विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळली.

इथवर आल्यावर उरतो तो खरा प्रश्न: विषाणू माणसापर्यंत येतो कोणत्या वाटेने? बांगलादेशात हिवाळ्यात शिंदीचा कच्चा रस पितात. रात्री लावलेल्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यांत वटवाघळे झाडाच्या तासलेल्या भागावरून ओघळणारा रस चाटताना दिसली. त्यावर तोडगा निघाला तो साधा: तासलेला भाग आणि मडके बांबूच्या तट्ट्याने झाकायचे. निव्वळ स्वॅब तपासून हा उपाय सुचला नसता. त्यासाठी रस काढणाऱ्यांचे कामही पाहावे लागले.

‘मारूनच टाका ना वटवाघळे’ म्हणणाऱ्यांसाठी युगांडातल्या किटाका खाणीचे उदाहरण आहे. 2007 मध्ये तिथल्या खाणकामगारांना मारबर्ग या घातक विषाणूची लागण झाली, तेव्हा खाणीतली वटवाघळे मारून संपवली गेली. 2012 मध्ये जवळच्या इबांडा भागात पुन्हा साथ आली. खाणीत नव्याने वस्तीला आलेली वटवाघळे तपासली, तर संसर्गाचे प्रमाण पूर्वीपेक्षा जास्त निघाले.

संसर्गाचे प्रमाण असे बदलत राहते, म्हणूनच एकदा जाळे लावून भागत नाही. त्याच वसाहती वर्षभर, विणीच्या हंगामातही, पुन्हा पुन्हा तपासाव्या लागतात आणि आसपासच्या दवाखान्यांत मेंदूज्वराच्या रुग्णांवर नजर ठेवावी लागते. आपल्या वाट्याचे काम त्या मानाने सोपे आहे: वटवाघळांच्या गुहेत शिरायचे नाही, पडलेले वटवाघूळ उघड्या हाताने उचलायचे नाही आणि उष्टे फळ कितीही गोड दिसले तरी खायचे नाही.