धार मंदावली, पण कशामुळे?

साठीतल्या पुरुषाची लघवीची धार मंदावली की घरचे, शेजारी आणि कधी कधी डॉक्टरही एकच निदान करून मोकळे होतात: प्रोस्टेट वाढलंय. वय पाहता ते पुष्कळदा खरंही ठरतं. तरी तपासणीआधी तो अंदाजच. धारेचा जोर मूत्राशयाचा स्नायू किती ताकदीने आकुंचन पावतो आणि पुढची वाट किती मोकळी आहे, या दोन्हींवर ठरतो. नळाला पाणी कमी आलं तर मोटर कमजोर की पाइप तुंबलेला, हे नळाकडे पाहून कळत नाही, तसंच हे. वाट प्रोस्टेटने अडते, तशी जुन्या इजेने किंवा कॅथेटरमुळे आकसलेल्या मूत्रमार्गानेही. उलट, जुनाट मधुमेहाने मज्जातंतू दुबळे झाले तर वाट मोकळी असूनही धार क्षीण होते. सर्दीच्या काही गोळ्याही लघवी अडवतात.

म्हणून सोनोग्राफीत ग्रंथी मोठी दिसली, एवढ्यावर निकाल देता येत नाही. मोठ्या ग्रंथीचे काही जण सहज लघवी करतात, लहान ग्रंथीचे काही कुंथत बसतात. युरोफ्लोमेट्रीत यंत्राला जोडलेल्या भांड्यात लघवी करायची आणि वेगाचा आलेख पाहायचा. सर्वाधिक वेग सेकंदाला 10 मिलिलिटरपेक्षा कमी असेल तर अडथळ्याची शक्यता बळावते. पण एकूण लघवी 150 मिलिलिटरही झाली नसेल तर त्या आकड्यावर विसंबू नये. आलेख चढून बराच वेळ सपाट राहिला तर मूत्रमार्ग आकसल्याची शंका येते. तरीही कमी वेगामागे अडथळा की दुबळा स्नायू, हे ही तपासणी सांगत नाही. त्यासाठी बारीक नळीने मूत्राशयातला दाब मोजतात: दाब जास्त आणि वेग कमी तर अडथळा, दोन्ही कमी तर स्नायू दुबळा.

ही दाबाची तपासणी सरसकट कशाला, हा आक्षेप रास्त आहे. इंग्लंडमधल्या 26 रुग्णालयांत 820 पुरुषांवर झालेल्या, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अपस्ट्रीम’ अभ्यासात ती सर्रास केल्याने शस्त्रक्रिया कमी झाल्या नाहीत. पण त्यावरून ती कुणालाच नको, असं ठरत नाही. तरुण रुग्ण, मज्जासंस्थेचा आजार असलेले, लघवीनंतरही मूत्राशयात बरीच लघवी साठून राहणारे, यांच्याबाबत शस्त्रक्रियेआधी शंका फेडायलाच हवी. दुबळ्या स्नायूपुढची वाट रुंद करून धार सुधारेलच असं नाही. बाकीच्यांसाठी चालू औषधांची यादी, लघवीच्या वेळा आणि प्रमाणाची नोंद, लघवीची साधी तपासणी आणि युरोफ्लोमेट्री एवढ्यावरही बराच उलगडा होतो. वयाकडे बोट दाखवून हे टप्पे गाळणं रुग्णावर अन्याय आहे.