शेवटची चार बोटं

बी.एड.च्या परीक्षेत 'साधक अभिसंधान' या विषयावर मी दहा मार्कांची टीप लिहिली होती. स्किनर, पेटी, उंदीर, कळ दाबली की दाणा. नऊ मार्क पडले. पुढे तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं आणि ती टीप विसरून गेलो. तिच्यातलं आपल्याला काहीच कळलेलं नव्हतं, हे लक्षात आलं निवृत्तीनंतर, आपट्याला मामेबहिणीच्या पडवीत, एका इलॅस्टिकच्या पायजम्यामुळे. तेव्हापासून हे वेड डोक्यात शिरलंय आणि घरचे कंटाळलेत.

आपटा म्हटलं की लोक दोनच गोष्टी काढतात. एक दसऱ्याची पानं, दुसरी १९९५चा 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'. शेवटी शाहरुख हात पुढे करतो तो फलाट इथलाच. माझ्या भाच्याला शाहरुखचं काही नाही. त्याचा जीव गाडीच्या भोंग्यात. दिवा-रोहा गाडी आली की हा पडवीत डुलायला लागतो. वय सोळा, बौद्धिक अक्षमता तीव्र, बोलणं म्हणजे तीन-चार आवाज. आंघोळ, कपडे, सगळं आईच्या हातून. आणि आईची कंबर गेलेली.

अशा मुलांच्या शाळांचा इतिहास थोडक्यात उरकतो. मुंबईत होरमसजी आणि जय वकील या दांपत्याने मुलगी दीना हिच्यासाठी १९४४ साली सुरू केलेली जय वकील शाळा, पुण्यात १९६४ची 'कामायनी', नाशकात रजनीताई लिमये यांनी १९७७ साली उभी केलेली 'प्रबोधिनी'. १९८४ साली सिकंदराबादला याच कामासाठी राष्ट्रीय संस्था निघाली. तिचं प्रादेशिक केंद्र आज आपट्याच्याच पनवेल तालुक्यात, खारघरला आहे. त्या संस्थेच्या रीटा पेशावरिया आणि एस. वेंकटेशन यांनी १९९२ साली अशा भारतीय मुलांसाठी एक मोजपट्टी केली. तीत सात विभागांत २८० कौशल्यं आहेत, आणि प्रत्येकाला गुण देण्याची रीत मला फार आवडते. पूर्ण परावलंबी १, हात धरून करतो २, सांगितल्यावर करतो ३, खुणेवर करतो ४, आपलं आपण करतो ५. नापास हा शब्दच नाही. एकाचे दोन झाले, की वर्ष सार्थकी.

आता माझ्या आवडीची गोष्ट. १९४९ साली अमेरिकेत पॉल फुलर नावाच्या संशोधकाने एका अठरा वर्षांच्या मुलावर प्रयोग केला. मुलगा जन्मभर उताणा पडून, कूसही बदलता येत नसे. अठरा वर्षांत हा काही शिकलेला नाही आणि शिकणारही नाही, असं डॉक्टरांचं मत. फुलरने एवढंच केलं: उजवा हात जरा हलला की पिचकारीने तोंडात साखरेचं कोमट दूध. चौथ्या बैठकीपर्यंत तो मिनिटाला तीनहून जास्त वेळा हात उचलू लागला. निबंधाच्या शीर्षकात त्या मुलाला वनस्पतीसारखा जगणारा जीव म्हटलंय, आणि बैठकीआधी त्याला पंधरा तास उपाशी ठेवलं होतं. दोन्ही वाचून चीड येते. तरीही अठरा वर्षांचं मत दोन-चार थेंब दुधाने पाडलं, हे काही डोक्यातून जात नाही.

तर पायजमा. शिकवायला येणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी बहिणीला विचारलं, "ताई, याला सगळ्यात जास्त काय आवडतं?" बहीण म्हणाली, "चिवडा." बाईंनी चिवडा ठेवला, मोबाइल ठेवला, रंगीत चेंडू ठेवला. पठ्ठ्याने कशाकडे पाहिलं नाही. तेवढ्यात लांबून भोंगा आला आणि हा उभा राहून डुलू लागला. बक्षीस काय ते शिकणाऱ्याने ठरवायचं असतं, शिकवणाऱ्याने नाही. माझ्या नऊ मार्कांत हे वाक्य नव्हतं. पण गाडी काही आपल्या हुकमाने येत नाही, आणि बक्षीस मिळायला हवं त्याच क्षणी. दहा सेकंद उशीर झाला तर तेवढ्यात तो नाक खाजवतो आणि शाबासकी नाकाला मिळते. बाईंनी स्टेशनात जाऊन मोबाइलवर दोन सेकंदांचा भोंगा रेकॉर्ड करून आणला.

मला वाटलं, आता पाय घालायला शिकवतील. बाईंनी सुरुवात शेवटाकडून केली. दोन मापं मोठा, नाडीऐवजी इलॅस्टिकचा पायजमा. दोन्ही पाय त्यांनीच घातले, गुडघे, मांड्या, सगळं वर ओढून आणलं आणि कमरेखाली चार बोटं आल्यावर थांबल्या. त्याचे हात इलॅस्टिकवर ठेवले, वर आपले हात, आणि ओढलं. भोंगा. पुन्हा. भोंगा. काही दिवसांनी बाईंचा हात त्याच्या मनगटावर आला, मग कोपरावर, मग नुसतं बोट दाखवणं. शेवटची चार बोटं त्याची झाली, तेव्हा पायजमा मांडीवर सोडायचा, मग गुडघ्यावर, मग पावलावर. एकदा मांडीवरून गुडघ्यावर यायची घाई मीच केली. त्याने पायजमा भिरकावला. बाई मला म्हणाल्या, "सर, तो चुकला नाही. आपली पायरी मोठी झाली." मी ते वहीत लिहून ठेवलं. सरळ क्रमाने शिकवलं असतं तर सुरुवात त्याची आणि शेवट दुसऱ्याचा. उलट्या साखळीत प्रत्येक वेळी काम पुरं होतं ते त्याच्याच हातून. तीस वर्षं मी व्याकरण कुठल्या टोकाकडून शिकवलं, हा विचार इथे नको.

त्या घरातल्या आत्याबाईंचं योगदान वेगळंच. भाचा किंचाळला की त्या बिस्कीट द्यायच्या, "गप बस रे सोन्या." तो गप बसायचा. सोळा वर्षं त्यांनी नकळत स्किनर राबवला, फक्त किंचाळण्यासाठी. बाईंनी ते बंद करायला लावलं आणि बजावलं, आधी वाढेल, मग उतरेल. वाढलं ते असं, की शेजारी विचारपूस करायला आले. तेव्हा बिस्कीट दिलं असतं तर तो आणखी मोठ्याने किंचाळायला शिकला असता. त्याऐवजी बिस्कीट हवं असेल तर डब्यावर टकटक करायला शिकवलं. नुसतं काढून घेऊन भागत नाही, मागायची दुसरी वाट द्यावी लागते.

या शास्त्राला काळी बाजू आहे. १९७१ साली ॲझ्रिन आणि फॉक्स यांनी नऊ प्रौढांना साधारण चार दिवसांत शौचालय वापरायला शिकवलं, कपडे खराब होणं नव्वद टक्क्यांनी घटलं. पण त्यात चुकीबद्दल शिक्षाही होती. मॅसॅच्युसेट्समधल्या एका संस्थेत तर विजेचे झटके देत. झटक्यांच्या यंत्रावर २०२० साली बंदी आली आणि २०२१ साली न्यायालयाने ती रद्द केली. शिक्षा परिणाम करते, असं काही जण सांगतात. करत असेल. आमच्या शाळेत छडीही करायची.

गेल्या पावसाळ्यात बहिणीचा फोन आला. "दादा, पाचावर पाच! पण आता दिवसातून पंधरा वेळा काढतो आणि घालतो. भोंग्यासाठी." बाईंनी तोड काढली. भोंगा फक्त आंघोळीनंतर, तोही कधी वाजेल, कधी नाही. बाकी वेळ काढला तर कोणी बघायचं नाही.

दसऱ्याला मी त्याला स्टेशनवर घेऊन गेलो. खिशात दोन-चार आपट्याची पानं, फलाटावर फोटो काढणारं एक जोडपं. जिते स्टेशनाकडून गाडी आली आणि जोरात भोंगा दिला. भाचा डुलला नाही. त्याने घाईघाईने दोन्ही हात कमरेला नेले, नीटच असलेला पायजमा आणखी चार बोटं वर ओढला आणि मग इंजिनाकडे बघून हसला.

फोटो काढणाऱ्या मुलीने आम्हाला जरा बाजूला व्हायला सांगितलं.