कात्री अडवणारा दाणा

मुलांनो, थंडी पडली की वर्ध्याच्या बाजारात हिरव्यागार पोपटीच्या शेंगांचे ढीग लागतात. पुण्या-मुंबईकडे याच शेंगांना वाल म्हणतात. शेंगा सोलता सोलता दोन-चार दाणे कच्चेच तोंडात टाकले, तर आई ओरडते ना? "शिजू दे आधी, पचायचे नाहीत!" आईचं अगदी बरोबर आहे. त्यामागचं एक कारण प्रयोगशाळेत पकडून दाखवलं एका मराठी शास्त्रज्ञ बाईंनी. त्यांचं नाव डॉ. कमला सोहोनी.

आधी कारण समजून घेऊ. डाळीतली प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांबच लांब माळ. अख्खी माळ शरीराला वापरता येत नाही. ती तोडून मणी सुटे करावे लागतात आणि मग त्या मण्यांतून शरीर आपले स्नायू, रक्त, केस घडवतं. माळ तोडणारी एक कात्री आपल्या लहान आतड्यात असते, ट्रिप्सिन. आता गंमत पाहा! वालाच्या कच्च्या दाण्यात एक पदार्थ असतो, तो या कात्रीच्या पात्यांतच घट्ट अडकून बसतो. मग कात्री चालणार कशी? झाडाच्या दृष्टीनं हे शहाणपणाचंच. किड्यांनी बी फस्त करू नये म्हणून केलेली ही सोय! दाणे नीट शिजवले की या पदार्थाचा जोर बराचसा संपतो.

कमलाबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पदार्थ वालातून वेगळा काढून त्याचे स्फटिक मिळवले. 1955 मध्ये 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात ते छापून आलं.

पण मुलांनो, या बाईंना प्रयोगशाळेचं दारच आधी बंद होतं. कमला भागवत (हे त्यांचं माहेरचं नाव) 1911 साली इंदूरला जन्मल्या. लेखिका दुर्गा भागवत त्यांची थोरली बहीण. घरात वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही बंगलोरच्या टाटा संस्थेत शिकलेले. 1933 मध्ये कमला मुंबई विद्यापीठात पहिली आली आणि तिनं त्याच संस्थेत अर्ज केला. उत्तर आलं, नाही! संचालक होते नोबेलविजेते सर सी. व्ही. रामन. मुलींना घेत नाही, एवढंच कारण. आता पहिला नंबर आलेल्या मुलीनं यावर काय करावं? कमला थेट बंगलोरला गेली आणि रामन यांच्यासमोर ठाण मांडून बसली. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. वर्षभर तिचं काम तपासलं जाणार, आणि तिच्यामुळे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये! (ही दुसरी अट वर्गात सांगितली की आमच्या मुली खो खो हसतात.) अपमान तिला झोंबला, आयुष्यभर लक्षात राहिला. पण काम असं चोख केलं, की पुढे रामन यांनी इतर मुलींनाही प्रवेश दिला. दूध आणि डाळी यांच्या प्रथिनांचा अभ्यास तिनं तिथेच सुरू केला.

पुढे केंब्रिज. तिथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम सी' असतं, हे तिनं दाखवलं. श्वसनाच्या क्रियेत हा महत्त्वाचा घटक. 1939 मध्ये पीएच.डी. मिळाली, प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा! तिकडेच राहता आलं असतं, पण ती परत आली. 1947 मध्ये लग्न झालं आणि कमलाबाई मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या.

तिथल्या त्यांच्या एका कामाचा धागा आपल्या वर्ध्याशी जुळतो. मगनवाडीत 1934 पासून ग्रामोद्योग संघाचं काम चालू होतं. ताडी पिऊन घरं बुडतात, त्यापेक्षा झाडाच्या ताज्या गोड रसाचा गूळ करा, असा गांधीजींचा आग्रह. हा ताजा रस म्हणजे नीरा. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी सुचवल्यावर कमलाबाईंनी नीरा तपासली. तिच्यात जीवनसत्त्वं आणि लोह असल्याचं आढळलं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना ती दिली, तेव्हा त्यांची तब्येत सुधारली. या कामाला राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला.

निवृत्तीनंतरही त्या ग्राहकांच्या संघटनेत भेसळीविरुद्ध लिहीत राहिल्या. 1998 मध्ये दिल्लीत त्यांचा सत्कार ठरला. त्या समारंभातच त्या कोसळल्या, आणि थोड्याच दिवसांत गेल्या.