भूकंप आणि मत्स्यचित्रे

पृथ्वी शेषाच्या मस्तकावर विसावली असून त्याने मान हलविली की भूकंप होतो, ही समजूत मराठी घरांत सर्वपरिचित आहे. जपानी लोककथेत हे काम एका प्रचंड माशाकडे आहे. मांगुराप्रमाणे मिशा असलेल्या या माशाला तेथे ‘नामाझू’ म्हणतात. काशिमाचा देव एका शिळेने त्याला दाबून धरतो. ती पकड ढिली झाली की मासा वळवळतो आणि भूमी हादरते.

११ नोव्हेंबर १८५५ च्या रात्री एदो नगर, म्हणजे आजचे टोकियो, हादरले. मृतांची संख्या ७ ते १० हजार असावी असा अंदाज आहे. जपानी पंचांगातील तो दहावा महिना. त्या महिन्यात सारे देव इझुमो क्षेत्री जमतात अशी श्रद्धा. देव परगावी गेला आणि माशाने डाव साधला, असे मानले गेले.

ढिगारे उपसले जात असतानाच लाकडी ठशांनी छापलेली रंगीत चित्रे विक्रीस आली. त्यांवर चित्रकाराचे नाव नव्हते आणि सरकारी तपासनिसाचा शिक्काही नव्हता. काहींत संतप्त नागरिक माशाला बडवीत आहेत. परंतु इतर चित्रांत सुतार, गवंडी आणि छपरे घालणारे कारागीर त्याच माशाचा सत्कार करीत आहेत. नगर पुन्हा उभारण्याच्या कामाने त्यांना भरपूर मजुरी मिळू लागली होती. कोठे धनिक सोन्याची नाणी ओकताना दिसतो: साठलेले धन भूकंपाने खेळते केले, हा त्यातील आशय होय. १८५३ मध्ये काळी जहाजे घेऊन आलेला अमेरिकेचा पेरी आणि हा मासा यांची रस्सीखेचही एका चित्रात रंगविली आहे.

शोगुनच्या शासनाने सुमारे दोन महिन्यांतच या चित्रांवर बंदी घातली. त्यामागील कारण उघड आहे. भूमी का हादरली, एवढ्यावर हे चित्रकार थांबले नाहीत. त्या हादऱ्यात कोण बुडाला आणि कोण तरला, हेही त्यांनी दाखविले. माशाच्या आडून ते राज्यव्यवस्थेविषयी बोलत होते.

भूपट्टांच्या हालचालींमुळे भूकंप होतात, हे आज जपानमधील शाळकरी मुलेही जाणतात. तरीही भूकंपाच्या वेळी आपत्कालीन वाहनांसाठी राखून ठेवावयाच्या टोकियोतील रस्त्यांच्या फलकांवर तोच मिशाळ मासा रेखाटलेला आढळतो.