एकांकिकेची तालीम : शोध आणि सराव

पुण्यातील महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारणपणे ऑगस्टमध्ये भरत नाट्य मंदिरात होते, आणि महाविद्यालये त्याआधी जेमतेम सुरू झालेली असल्याने संहिता म्हणजे नाटकाचा लिखित मजकूर ठरवणे, नट निवडणे आणि तासाभरात संपणारे नाटक उभे करणे यासाठी विद्यार्थ्यांच्या हाती मोजकेच आठवडे उरतात. नेपथ्य आणि प्रकाश यांच्या झगमगाटापेक्षा लेखन, दिग्दर्शन व अभिनय यांना महत्त्व देणे ही या स्पर्धेची परंपरा असल्यामुळे सगळा भार तालमीवर येतो.

तालमीची खरी कामे दोन असतात. संवादामागचा हेतू, पात्रांमधील नाते, एखाद्या शांततेचा अर्थ हे नट आणि दिग्दर्शक मिळून चाचपडत शोधतात, तो शोध. आणि जे सापडले ते पुन्हापुन्हा करून अंगवळणी पाडणे, तो सराव. तारीख जवळ आली की पहिले काम आटोपते घेतले जाते, हालचालींची आखणी, जिला तालमीत ‘ब्लॉकिंग’ म्हणतात, वाचनाच्या बैठका पुऱ्या होण्याआधीच पक्की होते आणि त्यानंतरच्या तालमी पाठांतर घोटण्यात जातात. विशीतल्या मुलाला साठीचा बाप उभा करायचा असेल, तर हे फारच हानिकारक ठरते, कारण त्या वयाचा थकवा आणि हट्ट आतून उमजण्याला अवधी मिळाला नाही, की वाकलेली पाठ आणि कापरा आवाज एवढेच हाती राहते.

दिग्दर्शक बहुधा त्याच वर्गातला असतो, ही गोष्ट तितकीच नाजूक आहे. त्याच्याकडे वयाचा वा मानधनाचा अधिकार नसल्याने उशिरा येणाऱ्या मित्राला बोलणे किंवा भूमिका बदलणे त्याला जड जाते, आणि तरीही या बरोबरीतून येणाऱ्या मोकळेपणामुळे नट त्याला न पटलेली गोष्ट तोंडावर सांगू शकतो, जे व्यावसायिक तालमीत सहज घडत नाही. हा मोकळेपणा जपायलाच हवा.

जागेची अडचण जुनीच आहे. तास संपल्यावर रिकाम्या वर्गात बाके सरकवून, जमिनीवर खडूने रंगमंचाची मापे आखून तालीम चालते; मात्र छोट्या खोलीत घुमणारा आवाज नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेलच असे नाही, आणि ते बऱ्याचदा प्रयोगाच्या वेळीच कळते.

२०२२ साली अंतिम फेरीतील एकही एकांकिका करंडकाच्या दर्जाची नसल्याचे ठरवून परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही, आणि त्या निर्णयावर बरीच चर्चा झाली. त्या एकांकिकांच्या तालमी कशा झाल्या याविषयी त्यावरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. परंतु स्पर्धेच्या तयारीत पहिले काही दिवस केवळ वाचनासाठी आणि चुकण्यासाठी राखून ठेवावेत, ही मागणी विद्यार्थ्यांनी स्वतःकडे आणि महाविद्यालयांकडे आग्रहाने करायला हवी, आणि त्यासाठी संध्याकाळी एक खोली उघडी ठेवणे कोणत्याही महाविद्यालयाला अवघड नाही.