डब्याचे दूध आणि अ‍ॅलर्जी

आमच्या धाकटीला दुसऱ्या महिन्यात प्रथमच डब्याचे दूध दिले आणि अर्ध्या तासात तिच्या तोंडाभोवती गांधी उठल्या. आम्हाला वाटले, लॅक्टोज पचले नसेल. घरात केमिस्ट्रीची डॉक्टरेट असून अंदाज साफ चुकला!

लॅक्टोज ही साखर. ती आईच्या दुधात गायीच्या दुधापेक्षा जास्तच असते. अ‍ॅलर्जी होते ती प्रथिनांची. नेहमीचा फॉर्म्युला गायीच्या दुधापासून करतात. त्यातले केसीन किंवा बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन काही बाळांच्या शरीराला शत्रू वाटते. मग पुरळ, उलट्या, शौचात रक्त असे प्रकार होतात.

बाळंतपणासाठी भारतातून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, शेळीचं दूध उकळून दे, ते हलकं असतं." त्यांची माया खरी, पण शेळीच्या दुधातली प्रथिने गायीच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात, की बहुतेक अशा बाळांना तेही बाधते. केसीन तर उकळूनही फारसे बदलत नाही. शिवाय वर्षाच्या आतल्या बाळाला कोणतेही साधे दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये.

डॉक्टरांनी 'एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड' फॉर्म्युला दिला. त्यात एन्झाइम्सनी प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेले असतात. चव कडवट, किंमत भारी, पण आठवड्याभरात बाळ हसू लागले. डब्यावर 'पार्शियली' असेल तर तुकडे मोठे असतात. अ‍ॅलर्जी असलेल्या बाळाला तो डबा चालत नाही.

मग अ‍ॅलर्जी होऊच नये म्हणून सर्वांनीच हा महाग डबा आणावा का? नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पिडिअ‍ॅट्रिक्सने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले, की त्याने अ‍ॅलर्जी टळते याला पुरावा नाही.

डबा द्यावा लागला म्हणून कोणत्याही आईने स्वतःला दोष देऊ नये. मात्र दूध पाजल्यावर चेहरा सुजला किंवा श्वास लागला, तर भारतात फोन लावत बसू नका. आधी ९११ फिरवा.

बहुतेक मुलांची ही अ‍ॅलर्जी वाढत्या वयात जाते. आमच्या धाकटीचीही गेली. डॉक्टरांनी त्यांच्या देखरेखीखाली तपासून हिरवा कंदील दाखवला आणि यंदाच्या पाडव्याला तिने पहिल्यांदा श्रीखंड खाल्ले. वाटी चाटूनपुसून!